पिवळ्या जर्सीची दहा वर्षं

३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये आयझॉल एफसीने यजमान लाजाँगशी १-१ अशी बरोबरी केली आणि मिझोरामच्या डोंगरातला एक क्लब आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारताकडे हा मान पहिल्यांदाच जात होता. आयझॉलचे ३७ गुण, दुसऱ्या आलेल्या मोहन बागानचे ३६. आदल्याच वर्षी हा क्लब घसरून खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली, म्हणून त्याला परत बोलावणं आलं. बातम्या साहजिकच गुणतक्त्याच्या वरच्या टोकाच्या झाल्या. खालच्या टोकाला, दहा संघांत दहावा, मुंबई एफसी होता. आयझॉलचा कोच खालिद जमील आदल्या हंगामापर्यंत सात वर्षं याच मुंबई एफसीचा कोच होता. आयझॉलकडून खेळणारे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही मुंबई एफसीतूनच गेलेले.

आयझॉलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. मुंबई एफसी खाली घसरला आणि काही महिन्यांत बंद झाला. मुंबईत त्यासाठी कुणी साधं निवेदनही दिल्याचं आठवत नाही.

आज अंधेरीत कुणाला मुंबई एफसीबद्दल विचारलं तर तो हमखास आझाद नगरच्या स्टेडियमकडे बोट दाखवेल. तो मुंबई सिटी एफसी. रणबीर कपूरचा, निळ्या जर्सीचा, आयएसएल जिंकलेला. मी म्हणतोय तो पिवळ्या जर्सीचा. २००७ मध्ये जन्मला, २०१७ मध्ये गेला. मधल्या दहा वर्षांत वरच्या लीगमध्ये त्याने काहीही जिंकलं नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुंबईच्या फुटबॉलचं नेमकं काय झालं हे समजून घ्यायचं तर जिंकलेल्या क्लबांपेक्षा हा न जिंकलेला क्लब जास्त उपयोगी पडतो.

मुंबईत क्लब नव्हते असं नाही. १८९१ पासून इथे रोव्हर्स कप होता. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचा, १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने जिंकल्यावर आपलाही. हारवूड लीग होती. कूपरेजचं मैदान होतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा इथल्याच टाटा स्पोर्ट्स क्लबचा. आता वांद्र्याच्या ज्या मैदानावर जिल्हा लीगचे सामने होतात त्याला त्याचं नाव आहे. पण टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ ही यादी वाचली की लक्षात येतं, हे क्लब कमी आणि हजेरीपट जास्त. चांगला खेळणाऱ्या मुलाला नोकरी लागायची. सकाळी सराव, दुपारी टेबल, संध्याकाळी लोकल. मालाडच्या ऑर्लेममधला, बोरिवलीच्या आयसी कॉलनीतला, नागपाड्यातला पोरगा चर्चच्या नाहीतर शाळेच्या आवारात रिंक फुटबॉल खेळत मोठा व्हायचा आणि घरच्यांना एकच प्रश्न असायचा : कुठल्या कंपनीत घेतील? कुठल्या क्लबात, हा प्रश्न नव्हता. त्या व्यवस्थेला मी नावं ठेवणार नाही. तिच्यावर कित्येक घरं चालली, आणि खेळ संपल्यावरही पगार चालू राहिला, ही सोय नंतर कुणी दिली नाही. पण त्या व्यवस्थेत प्रेक्षकाला जागा नव्हती. कंपनीचा संघ हरला म्हणून मुलुंडच्या माणसाने का हळहळावं?

त्यातल्या त्यात महिंद्राने प्रेक्षक कमावला. १९६२ चा संघ. कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना कांदिवलीत, सामने कूपरेजवर. २००५-०६ मध्ये डेरिक परेराच्या हाताखाली या संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे ब्राझीलचा बरेटो आणि घानाचा युसिफ याकुबू. याकुबूला पाहिलेली माणसं अजून त्याचं नाव काढतात. बॉल पायात आला की पाठीवर बॅक घेऊनही तो सावकाश वळायचा, घाई म्हणून नाही. त्या काळी भारतीय क्लबांत घाना-नायजेरियाचे फॉरवर्ड ठायी ठायी होते आणि त्यांच्याबद्दल बोलताना नुसती ताकद-ताकद म्हणायची पद्धत होती. याकुबूच्या बाबतीत तरी ते अपुरं होतं. त्याचं डोकं जास्त चालायचं.

२००७ मध्ये एस्सेल समूहाने मुंबई एफसी काढला तेव्हा हवा वेगळी होती. राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली होती. पुण्यात त्याच सुमारास अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी उभा केला होता. बोरिवलीकरांना एस्सेल म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. फुटबॉलशी त्याचा काय संबंध हे कुणाला कळलं नाही, पण कल्पना नवी होती. हा हजेरीपटावरचा संघ नव्हता. शहराचं नाव लावलेला, खेळाडूंशी करार करणारा, व्यावसायिक क्लब. कोच आणला इंग्लंडचा डेव्हिड बूथ, जो आधी महिंद्राकडे राहून गेला होता. संघात खालिद जमील, अभिषेक यादव, नोएल विल्सन अशी ओळखीची नावं. २००८ मध्ये दुसऱ्या विभागाची लीग जिंकून क्लब पहिल्याच फटक्यात वर आला. २००८-०९ च्या आय-लीगमध्ये बारा संघ होते आणि त्यांतले तीन मुंबईचे : महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी. इतकी सुबत्ता पुन्हा दिसली नाही.

२००९ मध्ये बूथ गेला. दुखापतींनी खेळ थांबलेल्या खालिदला, बत्तिसाव्या वर्षी, थेट कोच केलं. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला हा माणूस भिडस्त, कमी बोलणारा. त्याच्या संघाचा खेळ बघायला जायचं तर मनाची तयारी करून जावं लागे. मागे गर्दी, मधे गर्दी, पुढे एक लांब शीळ घातल्यासारखा फेकलेला बॉल. एक गोल झाला की दुकान बंद. तटस्थ प्रेक्षकाला झोप यावी असे कितीतरी सामने. पण हंगामाच्या शेवटी तक्ता पाहिला की मुंबई एफसी तळापासून थोडा वर, जिवंत. दरवर्षी पैसा बाकीच्यांपेक्षा कमी, दरवर्षी चांगली मुलं दुसरीकडे गेलेली, आणि दरवर्षी हा क्लब घसरणीतून वाचलेला. सात हंगाम. भारतीय फुटबॉलमध्ये कोचची खुर्ची सात महिने टिकली तरी लोक कौतुकाने पाहतात, हे लक्षात घेतलं तर याची किंमत कळेल. माझ्या मते खालिदने मुंबई एफसीला सात वर्षं तगवलं हे आयझॉलच्या विजेतेपदाच्या तोडीचं काम आहे. त्याचा करंडक मिळत नाही, एवढंच.

याच काळात बाकीचे गळत गेले. २०१० मध्ये महिंद्राने संघ बंद केला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ, दोन वर्षांपूर्वीच ड्युरँड कप जिंकलेला. कंपनीने शालेय पातळीवरच्या फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. निर्णय कंपनीचा, संघ कंपनीचा, बोलणार कोण? २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून लीगमधून वगळलं. क्लब स्वतंत्र संस्था असावी, तिचं स्वतःचं मैदान-अकादमी-हिशेब असावेत, असं आशियाई महासंघाचं म्हणणं. सरकारी खात्याच्या क्रीडा विभागाला ते जमणारं नव्हतं. नियम चुकीचा नव्हता. पण त्या नियमाने जे उडालं त्याच्या जागी काही उगवलं नाही. आता मुंबईचा म्हणून एकच उरला, पिवळ्या जर्सीचा.

आणि त्याला घर नव्हतं. कूपरेजचं नूतनीकरण निघालं, कृत्रिम गवत आलं, काम रेंगाळलं, आणि काही वर्षं मुंबई एफसीचे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला झाले. मुंबईच्या क्लबाचा घरचा सामना बघायला एक्स्प्रेसवे चढून जायचं! गेले असतील काही वेडे. क्लबाची सवय लागते ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या गेटातून, ठरलेल्या माणसांशेजारी बसून. ती सवय लागण्याच्या ऐन वयात हा क्लब भाड्याने राहत होता. परत कूपरेजला आला तेव्हाही घाटकोपर-मुलुंडकरांना सीएसएमटी, अंधेरी-बोरिवलीकरांना चर्चगेट, आणि तिथून चालत. बरेचदा कामाच्या दिवशी, दुपारी. ज्या उपनगरांत शहराची निम्म्याहून जास्त वस्ती आणि फुटबॉल खेळणारी बहुतेक पोरं, त्यांच्या मुंबईत क्लब कधी आलाच नाही. महापालिकेने अंधेरीत शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल १९८८ मध्येच बांधलं होतं. त्या मैदानावर फुटबॉलपेक्षा सिनेमाचे पुरस्कार सोहळे जास्त गाजले.

तरी मुलं येत होती. राहुल भेके हे त्यातलं सगळ्यात ठळक नाव. मुंबईत वाढलेला, आधी एअर इंडियाकडून आणि मग मुंबई एफसीकडून खेळलेला बॅक. लांब थ्रो-इन टाकायचा, हवेतले बॉल सोडायचा नाही. दिसायला खास काही नाही, आणि खालिदच्या संघात दिसायला खास असून चालतही नसे. जयेश राणेचा पाय जास्त नाजूक. याकुबूसुद्धा उतारवयात इथेच येऊन गेला. महिंद्राचा तो घानाचा पट्ठ्या आता वयाने जड झालेला, पण पेनल्टी बॉक्सच्या कडेला बॉल मिळाला की मागचा बॅक अजूनही दोन पावलं लांब राहायचा.

२०१४ मध्ये आयएसएल आली आणि मुंबईत दुसरा क्लब आला. पहिले दोन हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पहिल्या घरच्या सामन्यात पुण्याला ५-० हरवलं, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, स्टँडमध्ये सिनेमातली मंडळी. लुंगबर्ग आला, आनेल्का आला, पुढे फोरलान आला. त्या झगमगाटाला नाकं मुरडणाऱ्यांत मी नव्हतो. जो खेळ टीव्हीवर दिसतच नव्हता तो रोज संध्याकाळी दिसायला लागला. पण हिशेब साधा होता. आयएसएल दोन-अडीच महिन्यांची, पैसेवाली, आणि तिच्यात खाली घसरायची भीती नाही. आय-लीग लांबलचक, गरीब, आणि तिच्यात शेवटचा आला की गेला. तीन वर्षं मुंबईच्या नावाने दोन क्लब खेळत राहिले. एक सुट्टीतल्या पाहुण्यासारखा, दुसरा घरभाडं भरणारा. खेळाडूही तेच, हिवाळ्यात एका जर्सीत, मग दुसऱ्या.

२०१६ मध्ये खालिद मुंबई एफसीतून गेला. त्याच्या जागी मुंबईचेच संतोष कश्यप आले, हंगामाच्या मध्यात त्यांना बदलून स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. काही उपयोग झाला नाही. सात वर्षं जे टाळलं ते आठव्या वर्षी घडलं. मोठ्या क्लबांच्या गोष्टीत घसरण हे मधलं प्रकरण असतं; पुढे परत येण्याचं प्रकरण असतं. इथे पुढचं पानच नव्हतं. आयएसएलला आशियाई महासंघाची मान्यता मिळत होती, आय-लीगची किंमत उतरत होती, दुसऱ्या विभागात पैसे ओतून परत वर येण्यात मालकांना काय मिळणार होतं? व्यापाराच्या दृष्टीने क्लब बंद करणं बरोबरच होतं, आणि मला टोचतं ते तेच. व्यापाराशिवाय दुसरी दृष्टी असलेला एकही माणूस त्या टेबलाशी नव्हता.

एकट्या मुंबईचं नव्हे. पुण्याकडे पाहा. पुणे एफसी, जो २०१२-१३ मध्ये लीगमध्ये दुसरा आला होता, तो २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. दहा वर्षांत महाराष्ट्रात व्यावसायिक क्लबांची अशी रांग लागली आणि प्रत्येकाच्या मृत्यूची बातमी क्रीडापानाच्या तळाला दोन परिच्छेदांत आटोपली.

आणि याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालमीचे आणि पेठांचे संघ. शाहू स्टेडियमवर हंगामाचा सामना असला की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात त्या आठवड्यात सोयरीक जुळवू नये म्हणतात. गेल्या काही वर्षांत तिथेही आफ्रिकेतले खेळाडू उतरले आणि पेठेने त्यांना आपलं म्हणून खांद्यावर घेतलं. खेळाचा दर्जा आय-लीगच्या खाली, मारामाऱ्यांचा दर्जा वर. पण या संघांना बंद कोण करणार? कुणा एकाच्या मालकीचेच नाहीत. नैरोबीचा गोर माहिया तसाच. १९६८ चा, लुओ समाजाचा, १९८७ मध्ये आफ्रिकेचा कप विनर्स कप जिंकलेला. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या तिथून नेहमी येतात, प्रवासाला पैसे नाहीत म्हणून समर्थक वर्गणी काढतात. क्लब चालू आहे. मला कोल्हापूर किंवा नैरोबीचे गोडवे गायचे नाहीत; थकलेल्या पगारावर कुठल्याही पोराचं घर चालत नाही. मुंबईच्या खेळाडूला निदान महिना भरला की पैसे मिळत होते. पण मालकाचा पैसा आणि पेठेचा हट्ट या दोन्ही गोष्टी एका क्लबात असाव्यात, अशी तजवीज आपल्याकडे कुणी केली नाही.

उपनगरात फुटबॉल शेवटी आला तो असा उशिरा. मुंबई सिटीने २०१६ मध्ये मुक्काम अंधेरीला हलवला. जेमतेम सात-आठ हजारांचं स्टेडियम, पण दारात मेट्रोचं आझाद नगर स्टेशन. घाटकोपरचा पोरगा वर्सोव्याच्या गाडीत बसला की अर्ध्या तासात गेटावर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तो रिकोचा संघ इथे आला. मुंबईत एकसष्ट वर्षांनी आंतरराष्ट्रीय सामना झाला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मॉरिशस आला, आणि स्टँडमधल्या किती जणांना माहीत होतं कोण जाणे, की त्या बेटावर मराठी आडनावांची माणसं दीडशे वर्षांहून जास्त काळ राहतात. २०१८ च्या जूनमध्ये तैवानविरुद्धच्या सामन्याला २,५६९ प्रेक्षक आले. भारताचा कर्णधार छेत्री याने त्यात हॅटट्रिक केली आणि मग मोबाइलवर लोकांना हात जोडले, शिव्या द्यायला का होईना पण या म्हणून. तीन दिवसांनी केनियाविरुद्ध, छेत्रीच्या शंभराव्या सामन्याला, धो धो पावसात स्टेडियम भरलं. भारत ३-० ने जिंकला. देशभर त्या व्हिडिओचं कौतुक झालं. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की वर्षभरापूर्वी याच शहरातला एक क्लब गेला तेव्हा हात जोडायला कुणी नव्हतं.

१७ मार्च २०१९. आयएसएलची फायनल अंधेरीत. बंगळुरू विरुद्ध गोवा, जादा वेळेतही ०-०. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि गर्दीतून उंच उडालेल्या डोक्याने बॉल जाळ्यात घातला. राहुल भेके. बंगळुरूच्या जर्सीत. मुंबईच्या पोराने मुंबईत, उपनगरात, फायनल जिंकून दिली, दुसऱ्याच शहराला. पुढे तो मुंबई सिटीत आला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला, त्यातला दुसरा गोल भेकेचा, पुन्हा डोक्यानेच. २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल करंडक उचलला तेव्हा कर्णधार तोच. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय संघाचा कोच झाला. तेरा वर्षांनी त्या जागेवर भारतीय माणूस बसला. त्यांच्या कारकिर्दीच्या यादीत आता पिवळ्या जर्सीची एक ओळ असते, बहुतेक जण ती वाचून पुढे जातात.

मुंबई सिटीची कथा आतापर्यंत वेगळी होती. पाठीशी वेस्ट कोस्ट ब्रिगेड ही समर्थकांची फळी, घरचं मैदान, ढोल, निळे झेंडे, आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून ६५ टक्के मालकी मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे. सेनेगलचा मूर्तादा फाल, मोरोक्कोचा अहमद जाहू, सर्जिओ लोबेराचा सुरेख खेळ. सगळं त्या पैशाने आणलं. मग २०२५ मध्ये आयएसएलच्या आयोजकांचा आणि भारतीय फुटबॉल महासंघाचा करार संपत आला, लीग लटकली, आणि डिसेंबरात सिटी ग्रुपने आपला सगळा हिस्सा सोडला. क्लब मूळ मालकांकडे परत आला. या वेळी निदान ब्रिगेडची पोरं जाहीरपणे विचारत तरी होती, की लीग कधी सुरू होणार आणि आमच्या क्लबाचं पुढे काय.